बिनसहीचे शेरे

इकडे हिंदी मुलखात, आमच्या सोनागिरीतल्या घरी, फ्रिजवर एक रजिस्टर असतं. जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडी पाठीचं. त्यात माझ्या तोंडाबद्दल लोकांनी काढलेले उद्गार तारीखवार नोंदवलेले आहेत, आणि ते नोंदवणारा माणूस माझा नवरा आहे. हे ऐकून पाहुणे चमकतात. मग मला पुढचं सांगावं लागतं. अलीकडे ते सांगायला मला आवडायला लागलं आहे, म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं.

हे इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात तपासनीस होते. तयार झालेला भाग मापून बघायचा, बरोबर असेल तर हिरवी खूण करायची, नसेल तर लाल चिठ्ठी लावायची. सगळी नोकरी त्यांनी हेच केलं. त्या लाल चिठ्ठीचा एक नियम होता, तो मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून पाठ आहे. चूक नेमकी कुठे आहे ते लिहायचं, किती आहे ते मापून लिहायचं, आणि खाली आपलं नाव-नंबर घालून सही करायची. तिन्हींपैकी एक गोष्ट जरी नसली तरी चिठ्ठी रद्द, आणि माल चांगला समजायचा. माझ्या सासूबाई आमटी बिघडली म्हणाल्या, की हे गंभीर चेहऱ्यानं विचारत, "कुठे बिघडली? किती बिघडली?" सासूबाई म्हणत, "सही करून देऊ का?" अशी आमच्या घरची जेवणं.

मी गणिताची मास्तरीण. माहेर उज्जैनचं, त्यामुळे माझ्या मराठीत हिंदीचे खडे लागतात असं हे म्हणतात. यांचे वडील पुण्याहून बदलून इथे आले, त्यामुळे यांना तसं म्हणायचा अधिकार आहे असं यांना वाटतं. नोकरीची पहिली अकरा वर्षं मी करोंदच्या एका सरकारी शाळेत काढली, धान्याच्या मंडीला लागूनच होती. नंतर बदली होऊन अरेरा कॉलोनीत आले आणि तिथूनच निवृत्त झाले.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना एका सकाळी चूळ भरायला गेले तर पाणी डाव्या बाजूनं आपोआप बाहेर आलं. आरशात बघितलं तर अर्धा चेहरा माझा आणि अर्धा कुणीतरी खाली ओढलेला. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे, घाबरू नका, बरंचसं परत येईल. त्यांनी व्यायाम दिले. आरशासमोर बसून गाल फुगवायचे, शीळ वाजवायची, ओठ मुडपायचे. मला एकटीला लाज वाटे, तर हे शेजारी स्टूल घेऊन बसत आणि माझ्याबरोबर गाल फुगवत. उतारवयाची दोन माणसं सकाळी सात वाजता बेसिनच्या आरशासमोर गाल फुगवून बसलेली, आणि हसू आलं की हवा सुटायची, मग पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवसांचं मला दुःख आठवत नाही, हसूच आठवतं.

चेहरा बराचसा परत आला. फक्त ओठ मिटून बोलायची अक्षरं आली, म्हणजे प, ब, भ, म, की डावा कोपरा जरा घसरतो. आता ज्यानं हिंदीतून अपूर्णांक शिकवले आहेत त्याला यातली गंमत कळेल. तीन बटा चार, म्हणजे आपलं तीन छेद चार, भाग दो, बराबर. दर वाक्यात माझा कोपरा घसरणारच. वर्गातल्या पोरांनी दोन दिवस टक लावून बघितलं. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरच्या एकानं माझी नक्कल केली. मी त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि तास संपेपर्यंत त्याच्याकडून गणितं सोडवून घेतली. विषय तिथे मिटला. तो मला दिसत होता आणि मी त्याला दिसत होते, म्हणून तो मिटला, हे मला फार उशिरा कळलं.

निवृत्तीनंतर आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर इस्त्रीचा ठेला चालवणारी बाई एक दिवस कपडे मोजता मोजता म्हणाली, "मैडम, आप गणित पढ़ाती थीं ना?" वय चाळिशीचं. दोन वर्षं ती बाहेरून दहावीची परीक्षा देत होती आणि दोन्ही वेळा बाकी सगळे विषय सुटून गणितात अडकली होती. दहावी झाली तर जवळच्या मुलींच्या वसतिगृहात तिला मदतनीस म्हणून घेणार होते. पक्की नोकरी, डोक्यावर छप्पर, आणि उन्हाळ्यात निखाऱ्यांपुढे उभं राहणं बंद. तिला तिसऱ्यांदा नापास व्हायचं नव्हतं.

दुपारी दोन ते तीन ती येऊ लागली. मी बोलायला लागले की ती माझ्याकडे अशी बघायची, की इतकी लक्ष देणारी विद्यार्थिनी मला सगळ्या नोकरीत मिळाली नव्हती. मी यांना मोठ्या तोऱ्यात तसं सांगितलंही. तिला ठेल्यावर पुन्हा बघता यावं म्हणून आमच्या पुण्याच्या लेकीनं फोनवरून इंटरनेटवर माझे धडे टाकायची सोय करून दिली. यांनी प्लायवूड रंगवून फळा केला आणि स्वयंपाकघरात, जिथे खिडकीचा उजेड येतो तिथे टांगला. मी शिकवायची, हे फोन धरायचे. ती बाई ठेल्यावर फोन टेकवून ते धडे बघायची, आणि आवाज नेहमी बंद असायचा. आम्हाला वाटलं, गिऱ्हाइकांना त्रास नको म्हणून.

मग एका दुपारी लेकीचा फोन आला. "आई, कुणी काही पाठवलं तर उघडू नकोस. आणि कमेंट तर मुळीच वाचू नकोस." असं सांगितल्यावर न वाचणारी आई अजून जन्मायची आहे.

कुणीतरी माझ्या एका धड्यातले आठ-दहा सेकंद कापले होते. डोळे नाहीत, कपाळ नाही, फळा नाही, फक्त तोंड. जवळ ओढून पडदाभर केलेलं तोंड, मागे ढोलाचा ठेका, आणि ते तोंड ठेक्यावर पुन्हा पुन्हा म्हणत होतं, बटा, बटा, बटा. खाली शेऱ्यांची रांग लागली होती. लिहिणाऱ्यांना नावं नव्हती. कुणी फूल होतं, कुणी वाघ, कुणी नुसते आकडे. "आंटी, पहले मुँह सीधा करो, फिर सवाल." "बच्चे डर जाएँगे." काही इथे लिहिण्यासारखे नाहीत. सगळ्यांत साधा जो होता तोच मला जास्त लागला: "इनके घर में शीशा नहीं है क्या?"

आमच्या घरात आरसा होता. त्या आरशासमोर आम्ही दोघांनी गाल फुगवले होते. मी त्या दिवशी त्याच्यावर टॉवेल टाकला.

लोक सांगतात, दुर्लक्ष करायचं. मीही वर्गात अनेकांना हा उपदेश केला असेल, त्या सगळ्यांची मी आज माफी मागते. दुर्लक्ष करायला समोर कुणीतरी असावं लागतं. माझ्यासमोर कुणीच नव्हतं, त्यामुळे सगळेच होते. भाजीवाला हसला की मला वाटे, यानं बघितलंय. शेजारीण दोन क्षण जास्त थांबून बोलली की वाटे, ही मोजतेय. तोंडाला लावायचे कापडी मास्क कधीच सगळ्यांचे सुटले होते, मी कपाटातून शोधून पुन्हा लावला. खोकला आहे म्हणून सांगितलं. मंगळवारच्या भजनाला जाणं सोडलं. यांचं जेवण होईपर्यंत मी ओट्यापाशी रेंगाळायची आणि मग एकटी बसून जेवायची. धडे तर बंदच केले. त्या बाईला तेवढं नाही म्हणवलं नाही, परीक्षा चार महिन्यांवर आली होती, म्हणून तिला मास्क लावून शिकवत राहिले.

यांनी हे सगळं दोन दिवस गुपचूप बघितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी चष्मा लावून, फोन टेबलावर ठेवून, एका बोटानं काहीतरी लिहीत बसले. मला वाटलं, बँकेचं काही असेल. नंतर बघते तर या माणसानं त्या शेऱ्यांखाली, एकेकाला, उत्तरं दिली होती. "महोदय, आपकी टिप्पणी प्राप्त हुई। कृपया स्पष्ट करें कि त्रुटि किस मिनट पर है और कितनी है। गणित की त्रुटि हो तो सुधार किया जाएगा। भवदीय," आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव, माजी हुद्दा, कारखान्यातला स्टाफ नंबर, घराचा पत्ता आणि मोबाइल नंबर.

मी आयुष्यात यांच्यावर इतकी चिडले नव्हते. "अहो, आजवर ते कुणाचंही तोंड होतं. कुणालाही कळलं नसतं. तुम्ही त्याला आपला पत्ता लावलात."

हे खरोखर गोंधळले. "अगं, पण शेरा आला की उत्तर द्यावं लागतं. आणि बिनसहीचं उत्तर मी कसं देणार?"

एवढी नोकरी करून माणूस कुठे काय चालतं हे शिकतो आणि दुसरीकडे तेच चालवायला जातो. मी स्वतः काय वेगळं केलं होतं? मीही वर्गातल्यासारखी वाट बघत होते, की नक्कल करणारा कधी उभा राहील.

लेकीनं पुण्याहून ओरडून ती उत्तरं पुसून घ्यायला लावली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. फोन सुरू झाले. "अंकल, ज़रा आंटी से बटा बुलवाओ." हे उचलत, शांतपणे म्हणत, "एक मिनट, रजिस्टर ले लूँ। हाँ, पहले नाम बताइए." तेव्हाच ते लाल पाठीचं रजिस्टर आलं. वेळ, शेरा, त्रुटीचं ठिकाण, माप, नाव, सही, असे सहा रकाने पट्टीनं आखलेले. नाव विचारलं की समोरचा फोन ठेवायचा. हे शेरा शब्दशः लिहीत आणि पुढच्या चार रकान्यांत चार आडव्या रेघा मारत. लाल पेन्सिलीनं शेवटी लिहीत, रद्द. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, बंद करा हा पोरखेळ. हे म्हणत, "नोंद तर घ्यायला हवी. उद्या कुणी म्हणेल, आलाच नव्हता शेरा."

पाच-सहा दिवसांनी फोन आटले. अशा लोकांना दुसरं तोंड सापडायला वेळ लागत नाही. आणि मग एक फोन आला, त्यात समोरच्यानं नाव सांगितलं. हे इतके गडबडले की नावाच्या रकान्यात काय लिहायचं असतं हेच क्षणभर विसरले.

तो करोंदच्या शाळेतला माझा विद्यार्थी होता. आता मंडीत त्याची धान्याची आडत आहे, केस पांढरे व्हायला लागले आहेत. दुसऱ्या दिवशी तो घरी आला. खांद्यावर शरबती गव्हाची लहानशी गोणी. पाया पडला आणि उभाच राहिला. मी मास्कमधूनच बस म्हटलं, तो बसला नाही.

"मैडम, सर का नाम पढ़ा तब समझ में आया," तो म्हणाला. "अपन ने भी लिखा था उसमें।"

"क्या लिखा था?"

त्यानं मान खाली घातली. "वो शीशे वाला।"

मी सांगते, मला वाटलं होतं की असा एखादा समोर आला तर मी त्याला फाडून खाईन. पण समोर कोण, तर सरासरी काढताना मंडीतल्या पोत्यांची उदाहरणं दिली की ज्याचा हात पहिला वर व्हायचा तो मुलगा. मी विचारलं, का लिहिलंस? तो आठवत राहिला. काट्यावर ट्रकांची रांग होती म्हणाला, हातात चहा होता, कुणीतरी फोन पुढे केला, सगळे लिहीत होते. दोन घोटांच्या मधे लिहिलं आणि विसरला. "मैडम, कसम से, पता ही नहीं था कि आप हो।"

"मैं नहीं होती, कोई और होती, तो ठीक था?"

यांनी तोवर रजिस्टर उघडून त्याच्यापुढे ठेवलं होतं. म्हणाले, बेटा, तू नाव सांगणारा पहिलाच आहेस, तर आता नियमानं शेरा लिही आणि खाली सही कर. त्यानं पेन घेतलं. 'इनके घर में' एवढं लिहिलं. मग आमच्या घराकडे बघितलं, बेसिनच्या आरशावरचा टॉवेलही बहुतेक त्याला दिसला असावा, आणि पेन खाली ठेवलं. "अंकल, ये मुझसे नहीं लिखा जाएगा।" चांगला उंचापुरा माणूस, गोणी उचलणारे हात, आणि पुन्हा पेन उचलून ते तीन शब्द त्यानं शाळेतल्या पोरासारखे एकेक करून खोडले. मी चहा केला. तो प्यायला, आणि जाताना म्हणाला, आता बघा.

त्यानं काय केलं, तर त्याच जागी जाऊन, आपल्या फोटोसकट, नावासकट लिहिलं की या माझ्या मॅडम आहेत, यांनी मला गणित शिकवलं, आणि वर मी घाण लिहिली होती, मला लाज वाटते. दोन दिवसांनी त्याचा फोन. "मैडम, अब मुझे भी गालियाँ पड़ रही हैं।" माझ्या तोंडाची जागा त्याच्या मिशीनं घेतली होती. कितीतरी दिवसांनी मी मोठ्यानं हसले, तेही मास्कच्या आत. तो गहू आम्ही वर्षभर खाल्ला आणि दर पोळीला मी त्या माणसाचे आभार मानले. चूक केल्यावर परत येऊन दारात उभं राहणं किती कठीण असतं हे मला माहीत आहे. चाळीस मुलांपुढे फळ्यावरचं चुकलेलं गणित पुसताना मी ते अनेकदा केलंय.

पण मास्क काही निघाला नाही. मला वाटलं होतं, एकानं जरी नाव सांगितलं तर मी सुटेन. तसं झालं नाही. बाकीच्या आडव्या रेघा होत्याच, आणि मला त्या दिवसभर दिसायच्या.

इकडे आमच्या दुपारच्या तासाचं बिनसलं होतं. ती बाई येत होती, बसत होती, मान हलवत होती, आणि गणितं सगळी चुकत होती. जे तिला तीन महिन्यांपूर्वी येत होतं तेही. मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, आवाज चढवला. परीक्षा दीड महिन्यावर. एका दुपारी तिनं भागाकाराच्या जागी गुणाकार केला आणि माझा तोल गेला. "नुसती मान हलवतेस. डोकं घरी ठेवून येतेस का? यामुळेच दोनदा आपटलीस." हे मी हिंदीत म्हटलं, आणि हिंदीत ते आणखी वाईट ऐकू येतं. तिनं वही मिटली, पदर नीट केला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. इस्त्रीचे कपडे मात्र वेळेवर आले, यांच्या हाती. मी मनातल्या मनात हिशेब करत राहिले, की मी जे बोलले ते त्या फूल आणि वाघांनी लिहिलेल्यापेक्षा कुठे कमी होतं. नाव माझं होतं एवढाच फरक. चौथ्या दिवशी दुपारी मी चप्पल घातली आणि कोपऱ्यावर गेले. कितीतरी दिवसांत मी पहिल्यांदा गल्लीत दिवसाउजेडी चालत होते.

ती शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होती. मी मागून दोनदा हाक मारली. तिनं वळून बघितलं नाही. मला वाटलं, राग आहे, असणारच. मी समोर गेले तेव्हा दचकली आणि इस्त्री बाजूला ठेवली. मी म्हटलं, माझं चुकलं, मी असं बोलायला नको होतं. ती माझ्या मास्ककडे बघत राहिली. मग म्हणाली, "मैडम, इसको उतार के बोलो। मुझे पता नहीं चल रहा आप क्या बोल रही हो।"

तिनं डाव्या कानाला हात लावला. "ये तो बचपन से बंद है। दूसरा भी आधा है। मैं मुँह देख के समझती हूँ।"

सात महिने ती माझ्यासमोर बसत होती. इतकी लक्ष देणारी विद्यार्थिनी, असं मी तोऱ्यात सांगितलं होतं. आवाज बंद करून धडे बघते, गिऱ्हाइकांना त्रास नको म्हणून, असं आम्ही शहाण्यांनी ठरवलं होतं. मी म्हटलं, "तूने कभी बताया क्यों नहीं?" यावेळी मी मास्क हनुवटीवर ओढला होता, नाहीतर तिला कळलंच नसतं.

"आपने अपने मुँह का बताया था कभी?" ती म्हणाली. रागानं नाही, अगदी साधेपणानं. "आपने नहीं बताया, तो मैंने भी नहीं बताया।"

मग कॉलर उलटी करत तिनं सांगितलं, की सुरुवातीला माझं बोलणं तिला मुळीच कळत नव्हतं. माझा ब इतरांसारखा होत नाही, कोपऱ्यात होतो. पंधरा दिवस लागले तिला तो कोपरा शिकायला. घरी जाऊन धडे पुन्हा पुन्हा बघितले ते गणितासाठी नाही, माझ्या तोंडासाठी. "अब तो आपका ही सबसे साफ़ आता है मुझे। बाकी लोग सब जल्दी-जल्दी मुँह मारते हैं, कुछ हाथ नहीं लगता। आपका वो किनारा नीचे जाता है ना, तो मैं समझ जाती हूँ, बटा आया।"

मी तिथेच, ठेल्यापाशी, भर दुपारी, मास्क काढून रडले. रस्त्यानं माणसं जात होती, ती बघत होती की नव्हती मला सांगता येणार नाही, कारण मी त्यांच्याकडे बघितलं नाही. तिनं मला थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाली, "मैडम, वो भाग वाला फिर से बताओ। कोयला ठंडा होने में अभी टाइम है।" माझ्या पर्समध्ये खडू असतोच, निवृत्त झाले तरी. ठेल्याच्या फळीवर, कपडे सरकवून, मी तिला भागाकार शिकवला. बटा म्हटलं. पुन्हा म्हटलं. तिची नजर माझ्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यावर होती, आणि त्या नजरेखाली मला पहिल्यांदा वाटलं की तो कोपरा काही कामाचा आहे.

ती पास झाली. गणितात काठावर, पण झाली. निकाल घेऊन आली तेव्हा पेढे आणले होते आणि हे दारातच रजिस्टर घेऊन उभे. मला वाटलं, आता हिला कशाला. पण हे म्हणाले, हिचाही शेरा हवा, हिनं तर सगळ्यांत जवळून बघितलंय. तिला सहा रकाने समजावून सांगितले, समोर उभं राहून, सावकाश, ओठ दाखवत. हेही शिकले होते. तिनं बसून, जीभ दातांत धरून, लिहिलं. शेऱ्यात: मैडम का मुँह अच्छा है, समझ में आता है. ठिकाणाच्या रकान्यात: बाईं तरफ का किनारा. मापाच्या रकान्यात विचार केला आणि लिहिलं: आठ महीने, रोज़ एक घंटा, सामने बैठ के देखा. मग नाव. मग सही, जी आता दहावी पास झालेल्या बाईची आहे.

यांनी चष्मा लावून एकेक रकाना तपासला. कारखाना सोडल्यापासून कुलूपबंद असलेली हिरवी पेन्सिल काढून खूण केली. आणि मला म्हणाले, "एवढ्या सगळ्यांत नियमात बसणारा हा एकच."

ती आता वसतिगृहात असते. मध्यंतरी आली होती. तिथे एका मुलीला तिच्यासारखंच कमी ऐकू येतं, गणितात मागे आहे. तुमचे धडे पुन्हा का टाकत नाही, तिनं विचारलं. मी सांगितलं, लोक पुन्हा लिहितील. ती म्हणाली, "लिखेंगे तो।" आणि माझ्याकडे बघत राहिली, उत्तराची वाट बघत, नेहमीसारखी.

मागच्या आठवड्यात यांनी फळा पुसून पुन्हा टांगला. आरशावरचा टॉवेल त्याआधीच धुवायला गेला होता. माझं नाव मी इथे कुठेच लिहिलेलं नाही, हे वाचून हे भांडणार आहेत, तेव्हा सांगून ठेवते, की ते रजिस्टरमध्ये आहे. मी खडू घेऊन उभी राहिले. हे फोन धरून खिडकीपाशी, पहिल्यापेक्षाही लांब. मी नीट दिसू नये इतके लांब, काळजीनं.

"जरा पुढे या," मी म्हटलं. "अजून. माझे ओठ दिसले पाहिजेत."